चारीच्या मोजणीआधी लेव्हलची तयारी : प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५

मंगळवेढ्याच्या पुढे काळ्या रानातून जाणारी चारी, म्हणजे शेतांना पाणी पोचवणारा छोटा कालवा. लांबी २.४ किलोमीटर. अस्तर ठिकठिकाणी उखडलंय, टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्यांना पाणी पोचत नाही. आधी एल-सेक्शन (चारीच्या लांबीभर तळाच्या पातळ्या), दर ३० मीटरला क्रॉस सेक्शन (चारीचा आडवा छेद), आणि त्यावरून नव्या तळाची आखणी, एवढं काम आपल्याकडे आहे. आवर्तन नुकतंच बंद झालंय. पुढचं सुटेपर्यंत चारी कोरडी मिळेल, तेवढ्यात मोजणी उरकायची.

संकल्पित उतार ३००० ला १. किलोमीटरला ३३ सेंटिमीटर. एका चेनेजपासून (मुखापासून मोजलेल्या अंतराची खूण, इथे दर ३० मीटरला) पुढच्या चेनेजपर्यंत तळ उतरतो तो फक्त १ सेंटिमीटर. पूर्ण चारीत मिळून ८० सेंटिमीटर. रस्त्याच्या मातीकामाला ५-६ मिलिमीटरने काही बिघडत नाही, इथे तेवढ्यात अर्ध्या चेनेजचा उतार जातो. म्हणून शेतात पाऊल टाकण्याआधी दोन-चार दिवस फक्त लेव्हल (समपातळीत बघायची दुर्बीण), स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) आणि तिपाईला द्यायचे ठरवले आहेत.

उपकरण आपलं नेहमीचंच, ३२ पट दुर्बिणीचं ऑटो लेव्हल. पेटीवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, मुदतही शिल्लक आहे. पण स्टिकर लागल्यानंतर ते मुरमाच्या रस्त्यांवरून जीपच्या मागच्या भागात बरंच हिंदकळलंय. स्टिकरच्या तारखेला ते नीट होतं, एवढंच त्यातून कळतं. आज कसं आहे ते आपणच बघायचं.

स्टाफ धरायला गावातले अण्णा. पाटबंधाऱ्याच्या मोजण्यांवर त्यांनी आयुष्यभर स्टाफ धरलाय. काम ठरवताना एवढंच म्हणाले, "टेलला माझ्या पुतण्याचं रान आहे साहेब. जरा नीट बघा."

८ एप्रिल

तिपाईपासून सुरुवात. लोक थेट दुर्बिणीला हात घालतात, आणि खाली तिपाईच डुलत असते.

लाकडी पायांची तिपाई. तिन्ही पायांच्या बिजागऱ्यांचे नट तपासले. पाय आडवा उचलून सोडला की तो हळूहळू खाली यायला हवा. धप्पकन पडला तर नट सैल, अजिबात आला नाही तर जास्त आवळलेला. एक पाय धप्पकन पडत होता, त्याचा नट आवळला. दुसऱ्या पायाच्या टोकाचा लोखंडी बूट लाकडात किंचित हलत होता. स्क्रू काढून पाहिले तर भोकंच मोठी झालेली. जाडसर स्क्रू घालून तो घट्ट बसवला.

मग पिळाची परीक्षा. लेव्हल बसवून समोरच्या भिंतीवरच्या खुणेवर उभी तार आणली, तिपाईचं डोकं दोन्ही हातांनी हलकेच पिळलं आणि सोडलं. तार खुणेवर परत आली. बूट बसवण्याआधी ती परत येत नव्हती.

दुपारी स्टाफ. चार मीटरचा, ॲल्युमिनियमचा, एकात एक सरकणारा. सावलीत आडवा ठेवून स्टीलच्या टेपने मोजला. खालचा पहिला भाग बरोबर. पहिला सांधा साधारण सव्वा मीटरवर आहे, त्यात मात्र फट. स्टाफवरच्या १ मीटरच्या खुणेपासून २ मीटरच्या खुणेपर्यंत टेपवर १.००२ भरलं. सांध्याचं स्प्रिंगचं बटण झिजलंय, त्यामुळे वरचा भाग पूर्ण बसत नाही.

हे २ मिलिमीटर सोडून देण्यासारखे नाहीत. आपलं उपकरण छातीच्या उंचीला लागतं, रान जवळपास सपाट, म्हणजे बहुतेक वाचनं १ ते २ मीटरच्या मध्ये येणार. एक वाचन सांध्याच्या खाली, दुसरं वर, असं सारखं होणार. दोन्ही वर किंवा दोन्ही खाली आली तर चूक कटते, एक इकडे आणि एक तिकडे आलं की पूर्ण २ मिलिमीटर फरकात शिरतात. पंढरपुरातून नवं बटण आणून बसवलं. परत मोजलं, १.०००.

स्टाफ उन्हात तापून वाढतो त्याचं काय, हा प्रश्न बरोबरच्या मुलाने विचारला. चांगला प्रश्न. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. स्टाफ ३५ अंशांनी तापला तरी मीटरमागे ०.८ मिलिमीटर. पण ही चूक वाचनाच्या आकड्यावर ठरत नाही, दोन ठिकाणच्या उंचीतल्या फरकावर ठरते. आपल्या चारीचा सगळा फरकच ८० सेंटिमीटर, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळून पाऊण मिलिमीटरसुद्धा होत नाही. हे सोडून दिलं. घाटातल्या रस्त्याची मोजणी असती तर सोडलं नसतं.

स्टाफच्या तळाची पट्टी थोडी झिजलीय. सगळीकडे हाच एक स्टाफ वापरणार आहोत, त्यामुळे ती झीज प्रत्येक वाचनात सारखी येऊन आपोआप जाते. दुसरा स्टाफ जोडीला घ्यायचा नाही, हे मात्र आज पक्कं केलं.

स्टाफचा छोटा बबल (तो सरळ उभा आहे का ते दाखवणारा बुडबुडा) ओळंब्याशी लावून पाहिला, थोडा हलवावा लागला. स्टाफ ४ अंशांनी कलला आणि वाचन ३ मीटरवर असलं की ७ मिलिमीटर जास्त वाचलं जातं. कलण्याने वाचन नेहमी वाढतंच, कमी कधी होत नाही. अण्णांना हे सांगायची गरज पडली नाही. ते स्टाफ हलकेच पुढे-मागे डोलवतात, आपण त्यातलं सगळ्यात कमी वाचन घ्यायचं.

९ एप्रिल

आज दुर्बिणीचा दिवस. पेटीतून काढून सावलीत तासभर उघडं ठेवलं. खोलीत गारवा, बाहेर ३९ अंश. उपकरणाला बाहेरच्या हवेशी जुळायला दर अंशाच्या फरकाला साधारण दोन मिनिटं द्यावीत असं धरतो.

आधी गोल बबल. उपकरणाच्या बुडाच्या तीन फूट स्क्रूंनी (पाय-स्क्रूंनी) मध्यावर आणला, दुर्बीण १८० अंश फिरवली, बबल वर्तुळाच्या काठाला टेकला. जेवढा सरकला त्यातला निम्मा फूट स्क्रूंनी मागे घेतला, उरलेला निम्मा बबलच्या खालच्या ॲलन स्क्रूंनी. परत फिरवून पाहिलं, थोडा राहिला होता, तोही तसाच काढला. आता कुठल्याही दिशेला मध्यावर राहतो. हे स्क्रू फार हळू फिरवावे लागतात, एक सैल करायचा आणि मग समोरचा आवळायचा. तिन्ही एकदम सैल केले तर बबल हातात येतो.

ऑटो लेव्हलला बबल एवढा नेमका कशाला हवा, असं बरेच जण म्हणतात. आतला कॉम्पेन्सेटर उरलेला कल काढतो हे खरं. बारीक तारांवर टांगलेला काच-प्रिझमचा लोलक असतो तो. १८३२ साली इंग्लंडमध्ये ग्रॅव्हॅटने डम्पी लेव्हल काढली तेव्हापासून प्रत्येक वाचनाआधी लांब नळीचा बबल जुळवावा लागायचा. १९५० मध्ये झाईसची एनआय२ आली आणि तो त्रास गेला. पण कॉम्पेन्सेटरचा पल्ला साधारण १५ मिनिटं कोनाइतकाच. बबल काठावर असेल तर कॉम्पेन्सेटर पल्ल्याच्या टोकाशी काम करतो, आणि तिथे तो अडकला तरी दुर्बिणीतून काहीच वेगळं दिसत नाही. चित्र स्वच्छ, तार स्वच्छ, वाचन चूक.

म्हणून कॉम्पेन्सेटरची वेगळी परीक्षा. ४० मीटरवर स्टाफ, बबल मध्यावर असताना १.३६६. मग स्टाफच्या रेषेतला फूट स्क्रू फिरवून बबल वर्तुळाच्या आतच पण पुढच्या काठापर्यंत नेला: १.३६६. मागच्या काठाला: १.३६७. डावीकडे, उजवीकडे: दोन्हीकडे १.३६६. ठीक. मग तिपाईच्या पायाला बोटाने टिचकी. तार थरथरते आणि क्षणात त्याच जागी येऊन थांबते. टिचकी मारूनही तार निश्चल राहिली असती तर ती काळजीची गोष्ट होती.

पॅरॅलॅक्स : दुर्बिणीसमोर पांढरा कागद धरून आधी आयपीस फिरवून तारा काळ्या करून घ्यायच्या, मगच स्टाफ फोकस करायचा. डोळा वर-खाली हलवला तरी तार आकड्यावरून हलता कामा नये. मुलाच्या आणि माझ्या नजरेचा नंबर वेगळा, त्यामुळे आयपीसच्या कड्यावर दोघांच्या दोन खुणा केल्या. त्याने वाचायचं असेल तर त्याच्या खुणेवर.

१० एप्रिल

टू-पेग टेस्ट, म्हणजे दोन बिंदूंवर वाचनं घेऊन दृष्टिरेषा खरंच आडवी आहे का ते बघणं. या सगळ्या तयारीतलं मुख्य काम हेच.

पुस्तकात खुंट्या ठोकायला सांगितलंय. इथे एप्रिलमधली काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा. खुंटी ठोकली की आजूबाजूच्या ढेकळासकट हलते आणि स्टाफ ठेवला की दबते. त्यापेक्षा गावातला सिमेंटचा रस्ता बरा. ६० मीटर अंतरावर रस्त्याच्या कडेला दोन गोल डोक्याचे खिळे काँक्रीटमध्ये मारले, अ आणि ब. सूर्य वर येण्याआधी सुरुवात केली, कारण आठ-साडेआठनंतर या रस्त्यावर हवा नाचायला लागते.

पहिली मांडणी बरोबर मध्ये, दोन्हीकडे ३० मीटर. अ वर १.४८२, ब वर १.३१७. फरक ०.१६५. दृष्टिरेषा तिरकी असली तरी दोन्ही वाचनांत सारखीच चूक, म्हणून हा फरक खरा.

दुसरी मांडणी त्याच रेषेत, ब च्या पलीकडे ३ मीटरवर. ब वर १.४२८. मग अ वर यायला हवं १.५९३. आलं १.५९९.

६३ मीटरवरून सेंटिमीटरच्या खुणांमधला मिलिमीटर अंदाजाने वाचायचा असतो, एका वाचनावर भरवसा नाही. तिपाई उचलून, उंची बदलून परत परत घेतलं. कधी ५, कधी ७, बहुतेक वेळा ६. पृथ्वीच्या वक्रतेची आणि वाकणाऱ्या किरणांची मिळून चूक एवढ्या अंतरात पाव मिलिमीटरच्या आसपास, तिने हा फरक पडत नाही. दृष्टिरेषा वर चढतेय, ६० मीटरला ६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २१ सेकंद कोन.

बरोबरच्या मुलाचं म्हणणं, बॅकसाइट (मागच्या, उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं वाचन) सारख्या अंतरावर ठेवल्या की ही चूक कटते, मग दुरुस्तीत वेळ कशाला घालवायचा. हे जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं आणि बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) पुढे नेण्यापुरतं ते अगदी खरं आहे. पण आपल्याला मधले बिंदूसुद्धा घ्यायचेत, आणि त्यांच्यावरच नवा तळ बांधला जाणार आहे. त्याला वहीवर मांडून दाखवलं.

समजा बॅकसाइट मागे ६० मीटरवर. वाचन ६ मिलिमीटर जास्त, म्हणून उपकरणाची उंची (दृष्टिरेषेची पातळी) ६ मिलिमीटर जास्त निघाली. आता उपकरणाच्या पायाशी तळाचा बिंदू लावायचा. तिथे अंतरच नाही, तेव्हा वाचनात चूक नाही. पण हिशेबातली उंची फुगलेली असल्याने बिंदू ६ मिलिमीटर खाली लागतो. पुढे फोरसाइटला ६० मीटरवर परत ६ ची चूक येते, दोन्ही कटतात आणि तो बिंदू बरोबर जागी लागतो. ६० मीटरला हवा असलेला उतार २० मिलिमीटर. पहिल्या ६० मीटरमध्ये तो २६ झाला, पुढच्या ६० मध्ये १४. प्रत्येक मांडणीत, उपकरण जिथे उभं होतं तिथे चारीच्या तळाला पोट. पाणी तिथे मंद होतं, गाळ बसतो, पुढच्या पावसाळ्यात लव्हाळा उगवतो.

आणि हे लेव्हल बुकात कुठेही दिसत नाही. बेरीज-वजाबाकी जुळते, परत येऊन क्लोजिंग (सुरुवातीच्या बिंदूशी ताळा) घेतलं तर तेही सुरेख येतं. मोजणी चोख निघाली असं वाटून सगळे घरी जातात. मुलगा वहीकडे बराच वेळ बघत बसला होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे क्लोजिंग चांगलं आलं तरी तळ चुकीचा असू शकतो?" असू शकतो.

११ एप्रिल

दुरुस्ती. पहाटे तीच मांडणी, ब च्या पलीकडे ३ मीटर. उपकरणाच्या आजच्या उंचीप्रमाणे ब चं वाचन घेऊन अ वर काय यायला हवं ते आधी काढून वहीत लिहिलं. ब जवळ असल्याने तिथली चूक पाव-अर्धा मिलिमीटरच्या आत, तिच्यासाठी वेगळा हिशेब केला नाही.

आयपीसच्या मागचं छोटं झाकण फिरवून काढलं. आत आडव्या तारेच्या काचेचा स्क्रू. ॲलन की घालून अगदी थोडी फिरवायची, पाव फेऱ्याच्याही आत. आडवी तार स्टाफच्या काळ्या ठोकळ्यावरून खाली सरकताना दिसते. नेमक्या आकड्याच्या थोडं खाली गेली, तेव्हा परत वर आणली, म्हणजे शेवटची हालचाल स्क्रू आवळण्याच्या दिशेने राहते. सैल करत थांबलं तर तार पुढच्या खड्ड्यात परत सरकते. की काढल्यावर उपकरणाला हलकी टिचकी मारून परत वाचलं. आकडा तोच.

लगेच पूर्ण टेस्ट परत. मध्ये : अ १.५०६, ब १.३४१, फरक ०.१६५. ब च्या पलीकडे : ब १.४०२, अ यायला हवं १.५६७, आलं १.५६८. ६० मीटरला १ मिलिमीटर. यापुढे स्क्रूला हात लावायचा नाही. एवढ्या अंतरावरून मिलिमीटर वाचण्यातच तेवढी शंका असते, त्याहून बारीक दुरुस्ती म्हणजे आपल्या डोळ्यांची चूक उपकरणात भरणं.

दोन्ही खिळ्यांभोवती लाल रंगाने गोल केले. त्यांच्यातला ०.१६५ चा फरक आता आपल्याला माहीत आहे, म्हणजे रोज सकाळी शेतात जाण्याआधी ब च्या पलीकडच्या एकाच मांडणीत तपासणी होते.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती. काम बंद.

१५ एप्रिल

आज बेंचमार्क पुढे नेले. चारीच्या मुखाशी विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) भिंतीवर कोरलेली खूण आहे, तिची आर.एल. (पातळी) खात्याच्या नकाशात दिलेली. ही आर.एल. शेवटी समुद्राच्या सरासरी पातळीवरून आलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ साली देशभरातल्या लेव्हलिंगच्या जाळ्याचा मेळ घातला, तेव्हा नऊ बंदरांतली भरती-ओहोटीची मोजणी आधाराला घेतली होती. त्यात मुंबई होती, कारवार होतं, आणि आज पाकिस्तानात असलेलं कराचीही. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने भिंतीवरची ती खूण चिंधीने पुसून स्वच्छ केली.

मुखापासून टेलपर्यंत वाटेत कायम राहतील असे टीबीएम (कामापुरते बेंचमार्क) केले : पुलाच्या कठड्याचा कोपरा, विहिरीचा कठडा, विजेच्या खांबाचा काँक्रीटचा पाया. चेंज पॉइंट (उपकरण पुढे हलवताना स्टाफ जिथे ठेवतात तो बिंदू) कुठेही उघड्या मातीत घेतला नाही. जिथे अस्तर शाबूत तिथे अस्तरावर, नाहीतर लोखंडी पाटा पायाने दाबून त्यावर. तिपाई भेगाळलेल्या जमिनीत हळूहळू बसत जाते, त्यामुळे बूट पायाने नीट दाबून घेतले आणि बॅकसाइट-फोरसाइटमध्ये गप्पांना वाव ठेवला नाही.

अंतरं पावलांनी सारखी ठेवली आणि वरच्या-खालच्या स्टेडिया तारांनी पडताळली. दोन तारांमधला फरक गुणिले १०० म्हणजे अंतर. तिन्ही तारा वाचायची सवय दुहेरी कामाची आहे : वरच्या आणि खालच्या वाचनाची सरासरी मधल्या तारेशी जुळायला हवी. एका ठिकाणी ती १ डेसिमीटरने चुकली, मुलाने १.४ च्या जागी १.५ वाचलं होतं. तिथल्या तिथे सापडलं.

जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर. किलोमीटरच्या वर्गमुळाच्या १२ पट मिलिमीटर एवढ्या फरकाची मुभा धरली तर २६ मिलिमीटर चाललं असतं. एवढ्या मंद उताराला मी निम्मीच मुभा ठरवली होती, १३. प्रत्यक्षात ५ आलं.

१७ एप्रिल

एल-सेक्शन. सकाळी सव्वासहाला सुरू, साडेदहाला बंद. नऊनंतर स्टाफवरचे आकडे पाण्यात बुडाल्यासारखे हलायला लागले, तेव्हा अंतर ४० मीटरवर आणलं आणि दृष्टिरेषा जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या खाली जाणार नाही असं पाहिलं. लेव्हलवर सुरुवातीपासून छत्री. ती धरणाऱ्याला उपकरणापेक्षा जास्त ऊन लागतं, म्हणून आळीपाळीने धरली.

बहुतेक भागात तळ संकल्पित उताराच्या १-२ सेंटिमीटर इकडे-तिकडे. चेनेज १४१० ते १५०० मध्ये मात्र तळ उलटा चढलाय. संकल्पनेप्रमाणे या ९० मीटरमध्ये ३० मिलिमीटर उतरायला हवं, प्रत्यक्षात १५०० चा तळ १४१० पेक्षा ३२ मिलिमीटर वर आहे. एकूण ६२ मिलिमीटरचा फरक. काळी माती पावसात फुगून खालून अस्तर उचलते, इथल्या लाद्याही मधोमध तडकून वर आल्यात. हे ६२ मिलिमीटर जमिनीचे आहेत, उपकरणाचे नाहीत, हे आज खात्रीने लिहिता येतंय. तरीही दोन वेगळ्या मांडण्यांमधून, वेगळ्या अंतरावरून परत घेतलं. २ मिलिमीटरच्या आत जुळलं.

अण्णांना आकडा सांगितला. त्यांनी १४१० च्या जवळची बाभळ दाखवली. "पाणी सुटलं की इथं तुंबून ऱ्हातंय बघा, वरच्या अंगाला गुडघाभर गाळ. आम्ही दरसाल काढतो, तरी पुढं जात नाही."

गाळ काढून उपयोग नाही, तिथलं अस्तर फोडून खालची काळी माती काढावी लागेल आणि मुरूम भरून नवा तळ घ्यावा लागेल. १३८० ते १५३० एवढा तुकडा अहवालात वेगळा दाखवतो. उद्यापासून क्रॉस सेक्शन, सुरुवात याच तुकड्यातून, इथे ३० ऐवजी १० मीटरला.